नमुन्याचा अर्ज

आखाडा बाळापूर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

शकुंतलाआक्का,
सप्रेम जयभीम.

ती सकाळ काही वेगळी नव्हती. नळाला पाणी आलं होतं. मी दोन हंडे भरले, आकांक्षाच्या वेण्या घातल्या, भाकरी टाकायला घेतल्या. तुमचे भाऊ ओट्यावर बसून बुटाला पॉलिश करत होते. शिपायाच्या बुटाकडं कोण बघतं, असं मी नेहमी म्हणायची. ते म्हणायचे, मी बघतो की. चांगली फुगलेली भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि मी त्यांना एक गोष्ट बोलले. ती पुढं लिहिते. आधी खुशाली.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण डाक घेऊन हिंडणं होतं. आकांक्षा नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा फोन रोज येतो, पण ती सगळं पटापटा बोलते. घरासमोरच्या शेतात तुरी फुलात आहेत. ग्रंथालयातून पुस्तक आणते आणि रविवारी वाचत बसते. वाचलेलं कोणाला सांगावं असं माणूस मात्र घरात नाही. तुम्हाला चार वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही. म्हणून हे पत्र. पत्र न वाचता ठेवून दिलं तरी ते घरातच राहतं.

हे गेल्यावर त्यांच्याच ऑफिसात मला अनुकंपावर घेतलं, हे तुम्हाला कोणाकडून तरी कळलं असेल. त्यांचंच स्टूल, त्यांचीच डाकेची पिशवी. बसस्टँडवर ते बसल्या जागी गेले, तेव्हा मांडीवर होती तीच. तिचा बंद मी नवीन शिवला.

पहिल्याच दिवशी मोठे बाबू व्यंकटराव मला म्हणाले, "बाई, तुमी पाण्याचं बघू नका. ते नरसिंग बघल. तुमी डाक न्या-आणा. बाहेर हिंडाल-फिराल, जीव रमल." मला वाटलं, विधवा बाई म्हणून दया केली. मी त्यांचे आभारही मानले. पुढं लक्षात आलं की चहासुद्धा माझ्या हातून जात नाही. डबा मी मागच्या पायरीवर खाते. कोणी तिथं बस म्हणून सांगितलं नाही. आत टेबलाशी बसले की बाकीच्यांना अचानक कामं निघायची, एवढंच.

जुलैत दुसरा शिपाई नरसिंग तांड्यावर लग्नाला गेला. पाणी भरायला कोणी नव्हतं. मी पाण्याचा जग घासला, पाणी भरलं, ग्लास पुसून टेबलावर ठेवले. अकरा वाजता डाक घेऊन निघाले तर आवारातल्या लिंबाच्या बुडाशी ओल दिसली. सगळे ग्लास तिथं रिकामे झाले होते. दुसऱ्या दिवशी नरसिंग आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, काहून भरलं तुमी पाणी? सुदामभाऊंनी बी एकदा भरलं होतं."

मी तक्रार लिहिली. साध्या भाषेत, तारीखवार. वरच्या ऑफिसला जाणारा कागदही आधी आपल्याच ऑफिसातून जातो, असा नियम आहे. म्हणून आमच्याच आवकेत, म्हणजे आलेला कागद नोंदतात तिथं दिला. आवकेला मीना आहे. ती म्हणाली, "ठेवा ताई, नोंदवते मी." मी ठेवला आणि आले. आक्का, मी रोज दहा ऑफिसांत दुसऱ्यांचे कागद देते आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय जागची हलत नाही. स्वतःच्या कागदाची पोच मागायला मात्र मला लाज वाटली. महिन्यानं विचारलं तर असा कागद आलाच नाही म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली.

कागद आला नव्हता, पण व्यंकटरावांना त्यातला शब्द न् शब्द माहीत होता. परवा शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. खुर्ची दाखवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. कोरा कागद पुढं सरकवून म्हणाले, "अनुकंपावरल्या माणसानं एवढं ताणू नये. सोमवारी लिहून आणा, गैरसमजातून तक्रार दिली होती म्हणून. न्हाई तर बदलीचं माझ्या हातात न्हाई राहणार." मग कपाटातून एक जुनी फाइल काढली. "हा घ्या नमुना. सुदामच्या वेळचा. बघून बराबर उतरवा. किती सुंदर अक्षर आहे, बघा."

आता ती सकाळ लिहिते. त्याआधी एक. वर लिहिलं की मला ती व्यंकटरावांची दया वाटली, ते खरं नाही. खोडत नाही, तसंच राहू द्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा वर्षांपूर्वी ह्यांनी दिलेली तक्रार मी वाचली होती. तीच गोष्ट होती. पाणी, ग्लास, मागची पायरी. त्यांचा कागद नोंदला गेला होता, कारण त्यांनी पोच घेतली होती. मग बदलीचं बोलणं सुरू झालं, पार सेनगावकडं. आकांक्षा चौथीत होती. आणि मी घाबरले.

त्या सकाळी भाकरी ताटात टाकून मी म्हणाले, कागद मागं घ्या. ते म्हणाले, "न्हाई, चांगुणा." मी म्हणाले, मग उद्यापासून लेकराला घेऊन माहेरी जाते. त्यांनी मोडलेला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला न्हाई लिहिता येणार. तुला लिहायचं असंल तर लिही."

मी लिहिलं, आक्का. चौथीपर्यंत शाळा शिकलेली बाई मी. त्यांनी आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून अक्षर घोटलं होतं. 'माझा गैरसमज झाला होता, आता माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.' त्यांनी फक्त सही केली. सही करून कागद लांब धरला आणि म्हणाले, "अक्षर लई चांगलं आलंय." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अजून ऐकू येतं.

त्याच वैशाखात तुमच्या दीपाच्या लग्नात, पंगत बसली असताना तुम्ही त्यांना म्हणालात, "आपल्या बापानं कोणापुढं मान खाली घातली न्हाई. तू कागद मागं घेतलास. माझ्या दारात येऊ नकोस." सगळे ऐकत होते. मी वाढायला उभी होते, हातात वरणाची बादली होती. त्यांनी जेवण पुरं केलं, ताट उचललं आणि निघाले. एक वाक्य बोलले असते तर तुमचा राग माझ्यावर आला असता. ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि मी त्यांना सांगू दिलं नाही. तुम्ही ह्यांच्या मातीला आलात तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तुमचा भाऊ भित्रा नव्हता. भित्री मी होते.

शुक्रवारी व्यंकटरावांनी पुढं ठेवला तो अर्ज माझ्या हातचा होता. त्यांना ते माहीत नाही. माझंच अक्षर बघून मला पुन्हा उतरवायचं आहे. काल ह्यांची पेटी उघडली. तळाशी त्यांच्या तक्रारीची प्रत आहे, शिक्का अजून निळा दिसतो. ती आणि कोरा कागद शेजारी ठेवून बसले आहे. संध्याकाळ होत आली. आकांक्षाला यातलं काही सांगितलेलं नाही. इथं पत्र थांबवते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पत्र पाकिटात घातलं नव्हतं, ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी दहाला ऑफिसात गेले. कोरा कागद तसाच व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवला. अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली. हिंगोलीची बस धरली. जिल्ह्याच्या ऑफिसात दोन तक्रारी दिल्या, एक ह्यांची जुनी आणि एक माझी नव्यानं लिहिलेली. सोबत तिसरा कागद जोडला, की २०१५ चा माघारीचा अर्ज माझ्या अक्षरात आहे आणि तो भीतीपोटी लिहिला होता. आवकेतल्या माणसानं विचारलं, कोणत्या ऑफिसची डाक? म्हटलं, माझी आहे. पोच घेतली. तीन वाजता परत आले. जग घासला, पाणी भरलं, प्रत्येक टेबलावर ग्लास ठेवला. कोणी घेतला नाही. नरसिंगनं ग्लासाकडं बघितलं, मग खिडकीकडं. मी माझा ग्लास भरून आत, टेबलाशी बसून प्यायले.

तो अर्ज लिहिणारी,
तुमची भावजय
चांगुणा