मेणाची अंगठी

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी क्लुजहून विमान, दुपारी लार्नाका. आई, बाबा आणि मी. तिघांचाही पहिला विमानप्रवास, तिघांचाही पहिला परदेश. माझा भाऊ ग्रिगा इथे कामाला होता, त्याला आणायला आलो आहोत. शनिवारी तो छपरावरून पडला आणि गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

क्लुजला तपासणीच्या वेळी आईच्या पिशवीतून मेणबत्ती निघाली. गेलेल्या माणसाच्या उंचीइतकी लांब ओढून गुंडाळी करतात, ती. माप आईनं दाराच्या चौकटीवरच्या खुणेवरून घेतलं होतं. तपासणीची मुलगी ती उलगडायला लागली. आई म्हणाली, "हळू. माझा मुलगा आहे तो." मुलीला कळलं. तिनं स्वतःच पुन्हा नीट गुंडाळून दिली.

विमानातून समुद्र दिसला. ग्रिगा म्हणायचा, परीक्षा झाली की ये, तुला समुद्र दाखवतो. पाहिला.

बाहेर काळ्या कपड्यांत एक बाई उभी होती. उंच, चाळिशी ओलांडलेली. ग्रिगा फोनवर सांगायचा, खाली घरमालकीण राहते, वरची खोली माझी. आई म्हणाली, "ही ती घरमालकीण असणार. बघ, आली तरी." त्या बाईनं आईचा हात हातात घेऊन कपाळाला लावला आणि माझ्याशी इंग्रजीत बोलली. आमच्यात इंग्रजी फक्त मला येतं.

मी म्हटलं, "आई, ही म्हणते ती ग्रिगाची बायको आहे."

"पुन्हा विचार."

पुन्हा विचारलं. तिनं हातातली अंगठी दाखवली. आई गाडीत मागे जाऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

६ नोव्हेंबर, बुधवार

तिचं नाव देस्पो. पाव भाजायची भट्टी आहे तिची. ग्रिगा आधी बटाट्याच्या गोदामात होता, मग तिच्या भट्टीवर लागला. दीड वर्षापूर्वी नगरपालिकेच्या कचेरीत त्यांनी लग्न केलं. ईस्टरला तो तिला गावी घेऊन येणार होता. आम्हाला सांगून चर्चमध्ये नीट मुकुट घालून लग्न करायचं, असं ठरलं होतं म्हणे. मला फोनवर एका शब्दानं बोलला नाही. मी काय कुणाला सांगणार होते!

इथली घरं सपाट छपरांची. वर उन्हावर पाणी तापवायची टाकी. तिचा नळ गळत होता, तो बसवायला ग्रिगा चढला होता. आईनं अंगणात उभं राहून वर पाहिलं. "हिच्या आंघोळीच्या पाण्यासाठी गेला," म्हणाली. मी भाषांतर केलं नाही.

मग म्हणाली, "तिला विचार, मुकुट कुणी धरले? कुठल्या पाद्र्यानं?"

"आई, अजून व्हायचं होतं ते."

"मग झालं काय? सही? सही तर विजेच्या बिलावर पण करतात."

आई तिला नावानं हाक मारत नाही. घरमालकीण म्हणते. घरमालकिणीला सांग टॉवेल हवा. घरमालकिणीला विचार कुठे ठेवलंय त्याला.

संध्याकाळी देस्पोनं बाबांपुढे ताट ठेवलं आणि हळू आवाजात आमच्या भाषेत म्हणाली, "गीळ आता, गाढवा." तिला वाटत होतं, याचा अर्थ "सावकाश जेवा" असा आहे. ग्रिगानं शिकवलेलं. बाबा आधी बघतच राहिले. मग हसले. खूप हसले, आणि हसता हसता तोंडावर हात धरून रडायला लागले. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. आई ताटावरून उठली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कायद्यानं ग्रिगा देस्पोचा आहे. ती सही करेल तिथे त्याला पुरणार. तिला तो इथे हवा आहे, तिच्या वडिलांशेजारी. जागा आहे म्हणते, रोज जाता येईल.

सकाळी तिनं गहू उकडले. इथेही गेलेल्यासाठी गहूच उकडतात. आमच्याकडे वर अक्रोड घालतात, ती डाळिंबाचे दाणे आणि बदाम घालते. आई म्हणाली, "हे काय, सण आहे का?" खाल्ले नाहीत.

मग आई तिच्यासमोर बसली. मला म्हणाली, "सांग तिला. एकही शब्द गाळू नकोस. आमच्याकडे बिनलग्नाचा मुलगा गेला, तर त्याचं लग्न लावून मग मातीत ठेवतात. गावातली मुलगी नवरी होते. नाहीतर तो नवरी शोधत फिरत राहतो. शांत झोपत नाही."

मी सांगितलं. देस्पो म्हणाली, "पण त्याचं लग्न झालंय."

"कागदावर. देवासमोर नाही."

बाबा म्हणाले, "वेता, पुरे."

आईनं डोक्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. आमच्याकडे लग्न झालेली बाई परक्यासमोर उघड्या डोक्यानं बसत नाही. मीसुद्धा आईचे केस असे भर दिवसा फारसे पाहिलेले नाहीत. पार पांढरे झालेत. "तिला सांग, मी मागते आहे," म्हणाली.

देस्पोनं गव्हाच्या भांड्यावर ताट झाकलं. मग म्हणाली, "न्या त्याला. पण त्याच्या बोटातली अंगठी मी घातली आहे. ती त्याच्या हातात राहिली पाहिजे. मातीत जाईपर्यंत आणि नंतरही. आईंना तसं म्हणायला सांग."

आई म्हणाली, "हो म्हण."

मी हो म्हटलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शवागार. आम्हीच कपडे घालायचे, असं आईनं सांगितलं होतं. देस्पो आधी आत जाऊन आली. बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाबा तिच्याजवळ थांबले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. एकाच पाकिटातून सिगारेटी ओढत होते.

आत आई आणि मी. आईनं नवरदेवाचा सदरा आणला होता. ग्रिगा बाहेरदेशी निघाला त्या हिवाळ्यात भरतकामाला घेतला होता तिनं. खांद्यात घट्ट झाला. मागून उसवावा लागला. ओझी उचलून खांदे रुंद झाले होते त्याचे, आम्हाला माहीतच नव्हतं.

शेवटी आई अंगठीकडे वळली. खिशातून साबण काढला. देस्पोच्या न्हाणीघरातला हिरवा साबण.

"मनगट धर."

"आई, काय करतेस?"

"पेटीला काच असणार. सगळं गाव वाकून बघणार. अंगठी घातलेल्या माणसाचं लग्न कसं लावू? धर म्हटलं ना."

मी धरलं. लिहिते आहे ते मलाच वाचवत नाही, पण धरलं. बोट सुजलं होतं. वेळ लागला. अंगठी निघाल्यावर आईनं ती रुमालाच्या गाठीत बांधली. मग त्या लांब मेणबत्तीच्या टोकाचा तुकडा तोडून काखेत धरला. मऊ झाल्यावर तळव्यांत वळून त्याची अंगठी केली आणि त्याच बोटात घातली. गावात नवरदेव झालेल्या प्रत्येक मृताला अशीच घालतात. नीट बसली.

मी म्हटलं, "तू हो म्हणाली होतीस."

आई म्हणाली, "मी तुला म्हणाले. तिला तू म्हणालीस."

बाहेर आल्यावर देस्पोनं काही विचारलं नाही. माझे दोन्ही हात धरून आभार मानले. हाताला साबणाचा वास येत होता. तिच्याच घरचा, तिला ओळखता आला असेल.

९ नोव्हेंबर

परत. समुद्र माझ्या बाजूला होता. पडदा ओढून घेतला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पेटी काल रात्री गावात पोचली. आज लग्न आणि दफन.

नवरी शेजारची अनुत्सा. सोळा वर्षांची. पांढरा पोशाख, डोक्यावर मुकुट, हातात रुमाल. पुढे लग्नाचं निशाण, मागे पेटी. बायका म्हणत होत्या, नवरी गोड दिसते. फ्लोआरा काकू काचेवर वाकून बघून आली आणि डोळे पुसत म्हणाली, "मेणाची अंगठी किती शोभते गं त्याला."

घरी जेवणाच्या वेळी तिनंच आईला विचारलं, "तिकडे कोण होतं त्याचं?"

"कोणी नाही. एक घरमालकीण."

"बाई कशी आहे? रडली का?"

"रडली ना. भाडं बुडालं म्हणून."

दोघीतिघी हसल्या, मग लाजल्या. बाबांच्या हातातला पेला टेबलावर आपटला. पुरुष म्हणाले, असू दे तोआदेर, बाप आहेस. एकानं विचारलं, कसा आहे रे देश तो? बाबा म्हणाले, "गरम आहे. लोक चांगले आहेत." उठून गोठ्याकडे गेले.

अनुत्सा मला भांडी विसळू लागत होती. मुकुट काढून रुमालात बांधला होता. म्हणाली, "सांदाताई, एक विचारू? त्याला कुणी आवडत नव्हतं का गं? इतकी वर्षं?"

मी म्हटलं, "पाणी गार झालंय. दुसरं आण."

१३ नोव्हेंबर

आईला विचारलं, अंगठी कुठे आहे.

"मातीत. मूठमाती देताना टाकली. हातात नाही तर नाही, त्याच्याजवळ आहे ना? झालं तुझं समाधान?"

झालं नाही. पण थोडं बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

देस्पोला मेसेज केला. अंगठी ग्रिगाजवळ आहे. "हातात" असं लिहिलं नाही. तिनं लगेच उत्तर पाठवलं, देव तुझं भलं करो, सांदा.

थंडी वाढली. आई घरातसुद्धा लोकरीचे हातमोजे घालून असते. बोटं गार पडतात म्हणे.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज पावाचं पीठ मळायचा दिवस. आई मळत असताना बाहेरून फ्लोआरा काकूची हाक आली. आई तशीच पिठाच्या हातांनी फाटकापाशी गेली. मी लाकडं घेऊन स्वयंपाकघरात आले. हातमोजे खुंटीला. पीठ मळताना आई लग्नाची अंगठी काढून खिडकीत ठेवते, ते लहानपणापासून बघते आहे.

खिडकीत दोन अंगठ्या होत्या.

मोठी मी उचलून पाहिली. आतून काळा दोरा गुंडाळलेला, बोटात सैल होऊ नये म्हणून. दोरा मळून चिकट झाला होता. म्हणजे रोज घालते. पहिल्या दिवसापासून घालत असणार.

होती तशी ठेवली. आई आली तेव्हा मी चुलीत लाकडं घालत होते.

३ डिसेंबर

देस्पोचा मेसेज. चाळीसाव्या दिवशी ती तिकडे गहू उकडणार आहे. यंदा डाळिंबं संपली, मनुका घालेन म्हणते. तुमच्याकडे बर्फ पडला का, असं विचारते. त्याच्या हाताला थंडी वाजत असेल, असं वेड्यासारखं मनात येतं, मग अंगठी आठवते आणि बरं वाटतं. असं लिहिलंय.

उत्तर दिलं नाही. दिवसभर आईच्या हातमोज्यांकडे बघत होते. ती त्यातूनच उजव्या हातानं डाव्या हाताचं बोट फिरवत बसते. आधी मला वाटायचं, थंडीनं.

आईला अंगठी नुसती गावापासून लपवायची नव्हती. म्हणजे तेही होतं. पण ठेवून घ्यायची होती जास्त.

मला तिची कीव आली आणि रागही कमी झाला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आई पीठ मळत होती. पाणी संपलं म्हणून बादली घेऊन विहिरीवर गेली. मी खिडकीतली मोठी अंगठी उचलली, चुलीची सळई घेतली आणि मागच्या दारानं निघाले. बाबा गोठ्याच्या दारात उभे होते. माझ्या हातातली सळई बघितली. "वाळलेली फुलं काढून ये त्याच्यावरची," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

वरची माती गोठली होती. सळईनं भोक पाडलं, छातीपाशी, जिथे हात असतील तिथे. अंगठी सळईनंच जाईल तितकी खोल ढकलली. दोरा सोडवला नाही. राहू दे तोही. माती दाबली, फुलं उचलली, घरी आले.

देस्पोला लिहिलं, हो, इथे बर्फ पडलाय.

८ डिसेंबर, रविवार

आई कालपासून शोधते आहे. गादी उलटी केली. चुलीतली राख चाळली. पिठाचा डबा परातीत रिकामा करून बोटांनी चाचपला. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाली, सुई. बाबा म्हणाले, मी बघू लागतो. नको म्हणाली. माझ्याकडे दोनदा पाहिलं, पण विचारलं नाही. विचारणार कसं? अंगठी तर तिनं मूठमातीबरोबर टाकली होती.

ती चर्चला गेल्यावर परातीतलं पीठ मी चाळून पुन्हा डब्यात भरलं.