पांढरीवरचा हुरडा

इंदिरानगर, नाशिक
सोमवार

प्रिय ललित,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात हे मला माहीत नाही म्हणून. एरवी सध्या तुझं नुसतं नाव निघालं तरी माझं डोकं तडकतं. आजच्या जमान्यात हिने कागदावर का लिहिलं, असं तुला वाटेल. अरे बाबा, तुझे ईमेल तुझी विद्यार्थिनी योगिनी उघडते, उत्तरंही तीच देते, हे तूच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. फोन केला तर 'मीटिंगमध्ये आहे गं, करतो नंतर', आणि तुझं ते 'नंतर' कधी उगवत नाही, हा माझा फार जुना अनुभव आहे. मी जे सांगणार आहे ते योगिनीने तुझ्याआधी वाचायला नको. म्हणून हा कागद, आणि पाकिटावर लाल शाईने 'व्यक्तिगत'. उगाच गैरसमज करून घेऊ नकोस, प्रेमपत्र नाहीये.

तुझा पेपरातला फोटो मी पाहिला होता. दाढी राखलीस, बरी दिसते. हातात काचेची डबी, डबीत जळके दाणे, आणि वर ठळक मथळा, की सिन्नरच्या पुढच्या पांढरीच्या टेकाडात, त्या उजाड जुन्या गावाच्या जागी, दख्खनमधली सगळ्यात जुनी ज्वारी सापडली. मी तेव्हाच तुला कळवलं होतं की थांब जरा. ज्या थरात दाणे मिळाले त्या थरातला कोळसा तीन हजार वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणून दाणेही तेवढेच जुने असतील असं काही नाही. आधी दाण्याचंच वय काढून आण आणि मग काय बोलायचं ते बोल. तू म्हणालास, 'छाया, तू जन्माची शंकेखोर.' झालं समाधान? दाण्याचं वय आलं आणि तो परवापरवाचा निघाला. आपल्या हयातीतला!

बरं, चूक कोणाची होत नाही? माझीही झालीये, कुळीथ म्हणून भलतंच तण मी एकदा छापून बसले होते. राग त्याचा नाही. राग आहे तो तू पुढे जे केलंस त्याचा. विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तू सांगून मोकळा झालास की योगिनीने माती धुताना टब नीट विसळला नव्हता, कुठल्यातरी आजच्या चुलीतली राख त्यात मिसळली. तुझीच विद्यार्थिनी ना रे ती? पुढच्या महिन्यात तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा, आणि तिचा गाईडच म्हणतोय की हिचे नमुने घाण आहेत. म्हणजे एक ज्वारी गेली ती गेलीच, पण पोरीची इतक्या वर्षांची सगळी मेहनत त्याच टबात बुडाली. असं करताना तुझी जीभ जराही अडखळली नाही?

तिचं बाकीचं काम तू धड वाचलंयस तरी का, अशी मला शंका येते. बघ, आली परत शंका. त्या टेकाडाच्या खालच्या थरांत गहू आहे, मसूर आहे, आणि ओलीत वाढणाऱ्या लव्हाळ्याचं बी आहे. वर येत जावं तसतसा गहू कमी होतो, जव आणि कुळीथ वाढतात, लव्हाळा नाहीसा होतो, आणि अगदी वरच्या थरात राहतात त्या ढीगभर बोराच्या बिया. म्हणजे ओढा आटत गेला, लोकांनी कमी पाण्यावरची पिकं धरली, शेवटी रानातली बोरं खाऊन दिवस काढले आणि मग गाव सोडलं. हे सगळं त्या पोरीने मोहरीएवढ्या जळक्या कणांवरून उभं केलंय. मी ते प्रकरण वाचलं तेव्हा मला त्या माणसांची घरं डोळ्यांसमोर दिसली. आणि तुला काय हवं होतं, तर मथळा! ज्वारी त्यांच्याकडे नव्हतीच रे. नव्हती तर नव्हती, म्हणून ते काही कमी झाले नाहीत.

आणि टबाचं म्हणशील तर योगिनी माती धुवायला शिकली ती माझ्याच गच्चीवर. पाण्यात माती सोडायची, हाताने हलकंच ढवळायचं, जळका दाणा वर तरंगून आला की मलमलीच्या फडक्यात धरायचा आणि पुरचुंडी करून सावलीत वाळत टाकायची. आमच्या दोरीवर माझ्या पुरचुंड्या, खाली प्लास्टिकवर आईच्या कुरडया, आणि दिवसभर आईचा एकच जप, की तुझी राख माझ्या कुरडयांवर उडते. योगिनी तर एकेका नमुन्यानंतर टब इतका घासायची की आईने तिला विचारलं होतं, 'बाई गं, पाण्याचा टँकर येतो का तुझ्या बापाच्या घरून?' त्या मुलीने टब विसळला नाही म्हणे! दुसरं काही तरी शोधायचं होतंस.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक ठिकाणची थोडी माती न धुता ढेकळासकट बाजूला ठेवायची, ही सवय मीच तिला लावली. तू हसायचास, की छायाला लोणचं घालायचंय मातीचं. त्या ज्वारीच्या जागेची ढेकळं तिने तशीच ठेवली होती, ती तिने मला कुरियरने पाठवली. मी ती स्वतःच्या हाताने, कोरडी, सुईने फोडली. ना टब, ना पाणी. एका ढेकळाच्या पोटात बोराएवढा जळका गोळा निघाला. त्यात ज्वारीचे दाणे होते, पण पिकलेले नाहीत, कोवळे, सुरकुतलेले, टरफलासकट. त्यांना चिकटून शेंगदाण्याचे तुकडे, कारळे आणि मिरचीचं बी. गूळ वितळून जळला की जो चकचकीत काळा थर येतो, त्याने ते सगळं एकत्र धरून ठेवलं होतं. मिरची आणि शेंगदाणा आपल्याकडे समुद्रापलीकडून आले त्याला चार-पाच शतकंच झाली, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे ही राख टबात मिसळलेली नाही. ती जमिनीतच होती. तिथे एक अलीकडचा खड्डा होता आणि तो खणताना दिसला नाही. खणत कोण होतं त्या दिवशी? योगिनी नाही. पाहुणे आले होते म्हणून तू स्वतः चरात उतरला होतास आणि भराभर माती काढत होतास, हे तुझ्याच फोटोंवरून कळतं.

खड्डा का दिसला नाही तेही सांगते. सिन्नरला जाऊन आले मी, कॉलेजातून सुट्टी टाकून, उन्हातान्हात. सावळीरामबाबा अजून आहेत, टेकाडाचे मालक. गावातले लोक अजूनही ट्रॉल्या भरभरून पांढरी माती नेतात शेतात टाकायला. बाबा म्हणाले, 'लय चांगली माती हाय, कांद्याला अशी लागू पडते!' आपण पाहिलं होतं त्याच्या निम्मं टेकाडसुद्धा उरलेलं नाही. म्हसोबाचा दगड पूर्वी कमरेएवढा होता, आता चौथऱ्यावर चढवल्यासारखा डोक्याच्या वर दिसतो. खड्ड्याचं तोंड कधीच कुणाच्या तरी कांद्यात गेलं, तळ तेवढा उरला, तोही राखेतल्या राखेत. वरून बघणाऱ्याला वाटणार की जुना थर लागला. तूही तसाच फसलास. पण ज्वारीच्या जागेला लागूनच असलेला म्हसोबाचा दगड बघूनही तुला काही आठवलं नाही?

आठवत नसेल तर ऐक. आपण एम.एस्सी.ला होतो. खापरं गोळा करायला म्हणून त्या टेकाडावर गेलो होतो आणि बाबांनी शेतातली ज्वारीची कोवळी कणसं दिली होती. म्हसोबाच्या दगडाला पाठ लावून आपण हुरड्याची आगटी खणली, बाबांच्याच गोवऱ्या पेटवल्या. 'पोरांनो, इस्तू नीट इझवा, लय वारं हाय,' असं सांगून ते मोटर बंद करायला गेले. तू बोलायला लागलास. नाशिकला आपल्या दोघांची प्रयोगशाळा, खाली काम आणि वर घर, माझ्या वडिलांना कधी भेटायचं, काय बोलायचं, सगळं. हात उडवत बोलायची तुझी ती सवय, आणि आईने दिलेला चटणीचा डबा तुझ्या कोपराने कलंडला तो थेट आगटीत. शेंगदाणे, कारळे, गूळ घातलेली आमच्या घरची चटणी. तिकडे कणसं करपून कोळसा झाली. आपण हसत हसत त्यावर माती लोटली आणि उपाशीच बसस्टँड गाठला. वडिलांना तू नंतर भेटणार होतास.

आपल्या धंद्याची गंमत बघ ललित. आपण तो हुरडा खाल्ला असता तर त्याचा मागमूस उरला नसता. लोक जे पोटभर खातात त्यातलं काहीच आपल्या हाती लागत नाही, जे करपतं तेवढंच टिकतं. त्या संध्याकाळचं एवढंच टिकलं, आणि तू ते काचेच्या डबीत घालून पेपरात दाखवलंस, तीन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून! सूक्ष्मदर्शकाखाली कारळे दिसले तेव्हा मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. हो, आलं. आई मागून येऊन म्हणाली, 'करपलेलं कशाला जपून ठेवायचं, टाकून दे.' तिला काय सांगू, की तुझीच चटणी आहे म्हणून? सुनीलला मात्र सगळं सांगितलं. शनिवारी मनमाडहून ड्यूटी संपवून आला तेव्हा चहा घेताना सांगितलं. तो इतका हसला की बशीत चहा सांडला. म्हणाला, 'तुमचं प्रकरण फारच जुनं निघालं, इसवी सनाच्या आधीचं.' असा नवरा मिळायला नशीब लागतं, तेव्हा माझी काळजी तू करू नकोस. वाईट वाटलं ते इतकंच, की मला जे बघताक्षणी ओळखू आलं ते तुझ्या हातात असून तुला कळलं नाही.

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. अहवालात 'अलीकडचा खड्डा' एवढे दोन शब्द लिहून मोकळी झाले असते. पण काल योगिनी इथे आली, बॅग घेऊनच. प्रबंध सोडतेय म्हणते. मी तिला ढेकूळ दाखवलं, गोळा दाखवला, तिथे खड्डा होता हे समजावलं. तर म्हणते, 'मॅडम, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. खड्डा असता तर सरांना दिसला असता.' पुराव्यापेक्षा तिचा तुझ्यावर विश्वास जास्त आहे, आणि तुझ्या एका वाक्याने तिला खरंच वाटायला लागलंय की आपणच टब विसळायला विसरलो असू. आत्ता मी हे लिहितेय आणि ती वर गच्चीवर कोरडा, स्वच्छ टब घासत बसलीये. आई दोनदा जेवायला बोलावून आली. तो खड्डा कुणाचा हे मी सांगितलं तर तिचा विश्वास बसेल, पण मग तिचे सर तिच्या मनातून कायमचे उतरतील, आणि ते माझ्या तोंडून व्हावं असं मला वाटत नाही. तू सांग. पत्र मिळेल तेव्हा ती इथेच असेल, माझा नंबर तुझ्याकडे आहे. 'खड्डा मीच खणला होता, आणि मलाच दिसला नाही,' एवढं तिला सांग, आणि हेच विभागाच्या बैठकीतही सांग. मात्र नंतर नको. तुझ्या 'नंतर'पायी माझा हुरडा करपला, त्याने माझं काही अडलं नाही. हिचा करपू देऊ नकोस.

त्या आगटीची अर्धी मालकीण,
छाया