चार जुलैचं वाचन

प्रिय मार्गोताई,

तू मजेत असशीलच. तुझ्या तब्येतीची तुझ्याविरुद्ध जायची हिंमत कधीच नव्हती. भावोजींचा गुडघा कसा आहे? तळ्यावरच्या घराचं नवं छप्पर गळत नाही ना? (गळत असेल तर कळवू नकोस. मला आनंद होईल आणि तो लपवता येणार नाही.) इकडे मी आणि ॲन्सेल ठीक आहोत. कुत्र्याला पिसवा झाल्यात, पण त्याबद्दल तुला दोष देता येत नाही.

तर तू एवढ्या मायेने शोधून दिलेल्या शिबिराची हकीकत कळवते. मेन राज्यातल्या जंगलात, मोबाईलची रेंज जिथे संपते तिथे हे शिबिर सुरू होतं. वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या सुप्त गुणांना तिथे बहर येतो, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. (बहर मलाही आला. डासांमुळे, दोन्ही पोटऱ्यांवर.) पहिल्या दिवशी आम्हा पालकांना पाइनच्या झाडाखाली गोल करून बसवलं. संचालक डॉ. प्रेस्कॉट, म्हणजे पांढरी दाढी, अर्धी चड्डी आणि गळ्यात शिट्टी, यांनी सांगितलं की इथे 'अडचण' हा शब्द वापरायचा नाही, 'देणगी' म्हणायचं. माझ्या शेजारच्या बाईंनी लगेच हात वर करून बाथरूम कुठे आहे विचारलं, कारण त्यांना सकाळपासून पोटाची देणगी झाली होती. मी हसले. तिथे मी तेवढं एकदाच हसले. मग हातात पाइनचं बोंड धरून प्रत्येकाने आपल्या मुलाचा एक गुण सांगायचा होता. मी म्हटलं, माझा मुलगा चिवट आहे. डॉक्टर म्हणाले, "वा, म्हणजे लवचीक!" चिवट आणि लवचीक यातला फरक सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर बोंड पुढे गेलं होतं.

चिवट का, ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुला सोयीने विसरायची देणगी आहे. बाबांनी घालून दिलेला आपल्या घरचा रिवाज: चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तळ्यावर नाश्ता झाला की ओसरीवर सगळ्यांनी बसायचं आणि त्या वर्षी अकरा पूर्ण झालेल्या मुलाने स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. तू वाचलास, मी वाचला, तुझ्या दोन्ही मोठ्यांनी वाचला. यंदा ॲन्सेल. अक्षरं त्याच्याशी भांडतात हे त्याला पहिलीपासून ठाऊक आहे, म्हणून त्याने नाताळापासून गॅरेजमध्ये बसून कुत्र्याला वाचून दाखवायला सुरुवात केली. कुत्र्याने कधी घड्याळ बघितलं नाही. ईस्टरला तुझ्याकडे जेवायला आलो तेव्हा त्याने तुला पहिला परिच्छेद ऐकवला. तिसऱ्या ओळीत अडकला, पुन्हा मागे गेला, पुन्हा अडकला. तू उठलीस आणि ओव्हनमधलं मांस बघायला गेलीस. मांस मघाशीच टेबलावर आलं होतं, ताई. पुढच्याच आठवड्यात माहितीपत्रक आलं. एवढ्या मोठ्या देशात तुला नेमकं एक जुलैला सुरू होणारं शिबिर सापडावं, हे तुझं कसबच म्हणायचं. आणि मी हो म्हटलं, कारण तू म्हणालीस, "अगं, पोराची फजिती टळेल." फजिती कोणाची टळली ते तूच ठरव.

बाकी शिबिर चांगलं आहे. मुलं दाढीच्या फेसात बोटाने अक्षरं गिरवतात. ॲन्सेलच्या अंगाला अजून न्हाव्याच्या दुकानाचा वास येतो. दोरावरून नदी ओलांडतात, मडकी करतात. त्याला तिथे दोन मित्र मिळाले, तेही खरे. पण चार जुलैला त्याने शिबिराच्या ऑफिसातून फोन केला. म्हणाला, "आई, इथे कुणी वाचत नाही. सगळ्यांना कानाला हेडफोन लावून जाहीरनामा ऐकवला. मी विचारलं, मी वाचू का? तर इथल्या शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, राजा, इथे तुला काही सिद्ध करायचं नाही, जा, पोहायला जा." मग विचारलं, "तिकडे कुणी वाचलं?" मी त्याला उत्तर दिलं. ते उत्तर खाली येईल.

शेवटच्या दिवशी कागदी थाळ्यांवर रंगीत खडूने लिहिलेली बक्षिसं वाटली. एकालाही वगळलं नाही. ॲन्सेलच्या थाळीवर होतं, 'शिबिरातलं सर्वांत हसरं मूल'. त्याने ती सावकाश, बोट न ठेवता, पूर्ण वाचली. मग मला म्हणाला, "हे माझं नाहीये गं. अदलाबदल झाली असेल." बदलून घ्यायला गेला. ती त्याचीच होती. परत येऊन त्याने त्या थाळीत कलिंगड घेतलं आणि गाडीपर्यंत पोचायच्या आत खडू विरघळून गेला.

असो. तुझे उपकार आहेतच. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
रोझलिन

ता. क. सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीला आम्ही तळ्यावर येतोय. बोलावलं नाहीस हे माहीत आहे. घर बाबांचं होतं.

ता. क. २. नाश्ता झाल्यावर ॲन्सेल ओसरीवर वाचणार आहे. बराच वेळ लागेल. कुणी मध्ये शब्द सुचवायचा नाही. ओव्हनमध्ये काही ठेवू नकोस.

ता. क. ३. आता ते उत्तर. तो फोनवर विचारत होता तेव्हा तुझा व्हिडिओ येऊन पोचला होता: तुझा धाकटा ग्रेडी, अजून दहाचाही नाही, घडघड वाचतोय आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय. मी ॲन्सेलला सांगितलं, यंदा कुणीच वाचलं नाही, सगळे तुझ्यासाठी थांबलेत. शिबिरातून परत आल्यापासून तो रोज गॅरेजमध्ये कुत्र्याला वाचून दाखवत असतो. म्हणून तो व्हिडिओ काढून टाक, ग्रेडीला नीट समजाव, आणि आम्ही येऊ तेव्हा, ताई, पाया पडते, तुम्ही थांबला होतात असंच वागा.