दापोलीचा धाकनाक

बिशान, सिंगापूर
१२ सप्टेंबर २००४

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम.

दोन वर्षांनी तुम्हाला लिहितोय. दर रविवारी मी फोन करतो तेव्हा तुम्ही बाजारात गेलात, नाहीतर अंघोळीला गेलात, असं आई सांगते. तिला खोटं बोलता येत नाही. मागून तुमचा खोकला ऐकू येतो, आणि मग मी तिलाच विचारतो, बाबांनी औषध घेतलं का म्हणून.

भावना महिनाभर माहेरी गेलीय. ऑफिसातून येतो, भात लावतो, टीव्ही चालू ठेवतो. बघत नाही, घरात कुणाचा तरी आवाज असावा एवढंच.

जुलैत एकदा बस चुकली म्हणून चालत निघालो, तर उड्डाणपुलाच्या मागे एक लहानशी जुनी दफनभूमी दिसली. जेमतेम चाळीस कबरी, निम्म्या गवतात बुडालेल्या. मुथय्या नावाचे एक म्हातारे तमिळ गृहस्थ तिथलं गवत कापतात. मोडक्या हिंदीत ते सांगत होते, इथे नुसती दलदल होती तेव्हा आलेली ही माणसं. कुणी मजूर, कुणी कैदी म्हणून आणलेले. त्यांनी रस्ते बांधले आणि शिक्षा संपल्यावरही ते इथेच राहिले. मी विचारलं, परत का नाही गेले? तर म्हणाले, "जाएगा किधर? उधर कौन पहचानेगा?"

कोपऱ्यातल्या एका दगडावरचं शेवाळ मी किल्लीने खरवडलं आणि खालून आपली बाळबोध अक्षरं निघाली. 'धाकनाक बिन रायनाक, दापोली. सोबत्यांनी बांधिली.' बाबा, मी खाली बसलो तो कितीतरी वेळ उठलो नाही. चौथीत असताना तुम्ही मला वंशावळ लिहून दिली होती. तिच्यात आजोबांच्या वरची सगळी नावं अशीच होती: सोननाक, येसनाक. आपलाच कुणी दीडशे वर्षांपूर्वी इथे येऊन मेला होता, आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचं नाव बापाच्या नावासकट दगडावर कोरून घेतलं होतं.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. ऑफिसात यंदाच आलेल्या मराठी चंद्रशेखरला सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला मी नुसता 'दीप' म्हणून ठाऊक. नावामागचं 'नाक' म्हणजे महार, हे तुला कसं माहीत, असं त्याने विचारलं असतं.

ऑगस्टमध्ये तिथल्या झाडांना नोटिसा लागल्या. जागा रस्त्यासाठी हवी होती. नातेवाइकांनी महिनाअखेरपर्यंत नोंद करायची, बाकीच्यांना एकत्र जाळून राख समुद्रात सोडणार. शेवटच्या दिवशी मी गेलो. मांडवात एक चिनी मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "ग्रँडफादर, आह?" मी म्हटलं, नाही, पण आमचा आहे. तिला काही कळेना. रजिस्टर माझ्याकडे फिरवून ती म्हणाली, "नेव्हर माइंड लाह. समबडी केम. राइट युअर फुल नेम." मी लिहिलं, धम्मदीप दादाराव कांबळे. कामाच्या पासवर तेच नाव आहे, पण कुणासमोर ते हाताने लिहून सहा वर्षं झाली होती.

काल सकाळी कबर उघडली. दोन-चार हाडं आणि एक पितळी बटण निघालं. बाजूला मुथय्या आणि मी, आणखी कुणी नाही. मी मोठ्याने त्रिशरण म्हटलं. त्या बिचाऱ्या धाकनाकला बुद्ध कुठला ठाऊक असणार! पण माझ्यापाशी द्यायला दुसरं काय होतं? तिसऱ्या वेळेला मी अडखळलो, तेव्हा मुथय्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हाडं जाळून झाल्यावर दुपारी होडीतून त्याची राख मी स्वतः समुद्रात सोडली. परत येताना होडीवाल्याने विचारलं, कोण होता तुझा? मला रडूच आलं.

बाबा, इतकं सगळं लिहिलं, पण लिहायला बसलो होतो ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे आला होतात तेव्हा रविवारी दुपारी माझ्याकडे ऑफिसातली मराठी मंडळी जेवायला आली होती. तुम्ही हात जोडून म्हणालात, "जयभीम, मी दादाराव कांबळे." सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मी म्हणालो, बाबा दमलेत, त्यांना पडायचंय. तुम्हाला दंडाला धरून मी आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. तीन तास बाहेर आम्ही जेवत होतो, हसत होतो. नंतर मी दार उघडलं, तर तुम्ही इस्त्रीच्या सदऱ्यात पलंगाच्या कडेला तसेच बसून होतात. ठरल्यापेक्षा सहा दिवस आधी परत गेलात. त्या दिवशी तुम्ही दमला नव्हतात, बाबा. मला तुमची लाज वाटली होती. हे मी आजवर भावनालाही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी फोन करीन. मला क्षमा करू नका हवं तर, पण फोन तुम्ही उचला.

तुमचाच,
धम्मदीप दादाराव कांबळे