संध्याकाळी बाबा हलके होतात

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, कारण कुठल्या तरी आजोबांची मुलाखत चालू असते. मी उचलत नाही, कारण यंत्र चालू असतं. तेव्हा पत्रच बरं. निदान मध्येच तोडून तू मला अक्कल शिकवणार नाहीस.

माझं डोकं पार पिकलंय, आणि त्याला कारण आपले बाबा. बुटात घालायचे सेन्सरवाले सोल मी केलेत, हे तुला ठाऊक आहे. म्हातारं माणूस पडतं, पण पडायच्या कितीतरी आधी त्याची चाल बिघडायला लागते. ती बिघडती चाल सोलांनी वेळेवर ओळखावी, एवढंच माझ्या प्रबंधाचं म्हणणं. त्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ न कंटाळता चालणारी वयस्कर माणसं हवी होती. लोक उत्साहाने आले, सोल घेऊन गेले आणि एकेक करून गळाले. एका बाईंनी तर ते साबणाने धुऊन वाळत घातले. एकही खाडा न करणारे शेवटी बाबाच उरले. माझं मुख्य प्रकरण आता त्यांच्याच भरवशावर आहे.

आणि घोडं पेंड खातंय ते नेमकं तिथेच. सकाळी वजन बघितलं तर बाबा ठीक असतात. संध्याकाळी ते हलके होतात. अक्षरशः. वजन घटतं, पाऊल आखूड पडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन पुन्हा जागच्या जागी. मी सोल बदलले, वायरी बदलल्या, प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. फरक शून्य. माझे गाइड म्हणतात की मार्चअखेर प्रबंध द्यायचा असेल तर या बिघाडाचं कारण शोधा, नाहीतर यंत्र भरवशाचं नाही असं तुम्हीच लिहून द्या. म्हणजे माझी इतकी वर्षं पाण्यात.

म्हातारी माणसं मदत का नाकारतात, हा तुझा विषय. म्हणजे लोकांशी गप्पा मारायच्या आणि त्याला समाजशास्त्र म्हणायचं. तर त्या गप्पांचा एकदा घरच्यांनाही उपयोग होऊ दे. संध्याकाळी नेमकं काय करता, ते बाबांना विचार. मी विचारलं की ते उत्तम चाललंय म्हणतात आणि फोन आईकडे देतात. धाकटीला विचारण्यात अर्थ नाही. झाडाच्या सालीवर उगवल्याशिवाय तिला कुणी दिसतच नाही, उगाच नाही आपण तिला बुरशी म्हणत.

लोभ असावा असं लिहिणार होतो. पण आधी उत्तर येऊ दे, मग लोभाचं बघू.

तुझा,
खटपट्या

ता. १७ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

गप्पा म्हणे! अनोळखी माणसाकडून गुडघा दुखतो एवढं कबूल करून घेणं किती जिकिरीचं असतं, ते एकदा माझ्याबरोबर येऊन बघ. तुमचं बरं असतं. यंत्राला लाज वाटत नाही.

बाबांना मी रीतसर फोन केला. सरळ विचारलं, आडवळणानेही विचारलं. ते म्हणाले की सकाळी बागेला फेरी मारतो, संध्याकाळी पुन्हा मारतो, तब्येत ठणठणीत आहे, आणि त्याला सांग, माझ्यामुळे त्याचं काही अडू देणार नाही. त्यांच्या बोलण्यात मला तरी कुठे खोट दिसली नाही. खोट तुझ्या सोलांत आहे. यंत्र चुकलं की माणसाचं वजन कमी झालं म्हणायचं, हे फक्त तुम्हा इंजिनियरांनाच सुचू शकतं.

आणि एवढी शंका येते तर स्वतः घरी जाऊन का बघत नाहीस? सोल द्यायला गेलास ते गेलास. मीही गेले नाही, हे ठाऊक आहे, तू लिहायच्या आधी मीच लिहून टाकते.

उत्तर दिलंय, आता लोभ थकवू नकोस.

ताई

ता. २८ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. हे कितवे सोल, ते मोजणं मी सोडलंय. फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि मागे काहीतरी गुणगुणत असतं, म्हणून लिहिते. कागद तरी पूर्ण वाचशील.

चालणं रोज होतंय, त्याची काळजी नको. पण ह्यांना जास्त प्रश्न विचारू नका. मध्यंतरी ताईने इतकं खोदून विचारलं की त्या रात्री हे धड जेवलेही नाहीत. धाकटी पुढच्या महिन्यात येते म्हणाली, इथल्या बागेत तिला कसलीशी बुरशी सापडलीय. मागे तिने फ्रिजमध्ये दुधाशेजारी त्या काचेच्या बशा ठेवल्या होत्या आणि मी साय समजून झाकण उघडलं. आता बशा आल्या तर बशाही बाहेर आणि तीही बाहेर. तिघं विद्यापीठात, तिघांची तीन तोंडं. एकाला बूट, एकीला म्हातारे, एकीला बुरशी. स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय, तो दुरुस्त करेल असं शास्त्र काही कुणी शिकत नाही.

एक सहज विचारते. ते यंत्र माणूस ओळखतं की नुसतीच पावलं? म्हणजे बूट तेच, सोल तेच, तर बाकीचं त्याला काही कळतं का? आणि बूट जरा सैल होत असले तर चालतात का? अगदी सहज विचारतेय, पण उत्तर लवकर पाठव.

वेळेवर जेव आणि वेळेवर झोप. लोभ करायला मी आहेच.

आई

ता. ३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न वाचून फार बरं वाटलं. घरात एकाला तरी माझ्या कामात रस आहे. यंत्र माणूस ओळखत नाही. पाऊल कधी पडलं, कुठे दाब आला आणि वजन किती, एवढंच त्याला कळतं. सैल बुटांनी मात्र फरक पडतो, तेव्हा बाबांना नाड्या घट्ट बांधायला सांग.

संध्याकाळच्या नोंदींपुढे मी हात टेकलेत. त्या बिघाड म्हणून काढून टाकतोय. गाइड नाराज आहेत, पण मला आता दुसरी वाट दिसत नाही. तरी बाबांचं चालणं थांबू देऊ नकोस, एक दिवस जरी खाडा झाला तरी सगळं वाया जाईल. नळाचं लक्षात आहे.

तुझ्या लोभाला खाडा नसतो, म्हणून मागत नाही.

खटपट्या

ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हेच पत्र ताईलाही धाडलंय. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागली म्हणून तुम्हा दोघांवर वेगळा राग आहे.

तुझ्या यंत्रात काही बिघाड नाही. बिघाड आपल्या घरात आहे.

मला हवी ती बुरशी बागेतल्या जुन्या झाडाच्या सालीवर आहे आणि तिरप्या उन्हात ती नीट दिसते, म्हणून काल मी संध्याकाळी गेले. निघताना बाबा आडवे झाले होते आणि आई पिशवी घेऊन बाजारात जाते म्हणाली. झाडामागे गुडघ्यांवर बसून मी साल खरवडत होते. तेवढ्यात समोरच्या वाटेने बाबांचे बूट आले. तेच तपकिरी, डाव्याला शिवण घातलेले. बरं वाटलं म्हणून उठून आले असतील, असं समजून हाक मारायला मी वर पाहिलं, तर बुटांत आई. पायांत मोज्यांवर मोजे, पुढे कापड कोंबलेलं, नाड्या घोट्याला दोन वेढे घालून करकचून बांधलेल्या. ओठ घट्ट मिटून ती भराभर चालत होती.

मला बघून ती आधी चिडली. झाडामागे लपून लोकांवर पाळत ठेवायला विद्यापीठात घातलं होतं का, असं विचारलं. मग कुणाला बोललीस तर बघ म्हणून दम दिला. मग बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. बाबांचा डावा पाय सुन्न पडतो. सकाळची फेरी ते कशीबशी पुरी करतात आणि नंतर दिवसभर पाय उचलत नाही. डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत, कारण डॉक्टर चालणं बंद करायला सांगणार आणि तुझा प्रबंध अडणार. खाडा झाला तर सगळं वाया, हे तू दर फोनला म्हणतोस ना? म्हणून डिसेंबरपासून संध्याकाळची पाळी आईची. मी दम ऐकून घेतला, पण मूग गिळून बसणार नाही. तुम्ही दोघं काय ते बघा.

माझी ती बुरशी काही मिळाली नाही. साल हातातून कधी पडली ते कळलंच नाही.

रागाला नावं ठेव, लोभाला नको.

बुरशी

ता. २४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी घरी आलेय. धाकटीचं पत्र वाचून कपाळावर हात मारला आणि पहिली गाडी पकडली. बाबांना डॉक्टरकडे नेलं. पाठीत मणक्याजवळ नस दाबली गेलीय, ऑपरेशन करावं लागेल. हिवाळा सुरू होताना आणलं असतं तर पाय पूर्ण सुधारेल असं खात्रीने सांगितलं असतं, आता प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. यावर बाबांनी काय विचारावं? ऑपरेशन मार्चनंतर केलं तर चालेल का! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

लोक दुखणं लाजेने लपवतात असं आपण समजतो. पण आपल्या दुखण्याने दुसऱ्याचं काम अडेल, या धास्तीनेच ते जास्त लपवतात. हे माझ्या मुलाखतींत माणसामागून माणूस सांगतंय, मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. आपल्या बापाने फोनवर तेच वाक्य उच्चारलं, आणि मी तुला लिहिलं की खोट नाही. एका घराची खबर तिघांच्या तीन विभागांत पडून होती आणि आपण तिघं तीन इमारतींत. राग कुणाचा करावा तेही कळत नाही, म्हणून सध्या सगळ्यांचाच करतेय.

तू सकाळच्या नोंदी नीट बघ. नुसतं वजन नको बघूस.

लोभ आहे, पण तो घरी येऊन घेऊन जा.

ताई

ता. ५ मार्च

ती. आई व ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सकाळच्या नोंदी बघितल्या. बाबा, नोव्हेंबरपासून तुमचा डावा पाय जमिनीला घासतोय, दर आठवड्याला थोडा जास्त. मी यंत्र ज्यासाठी केलं तेच ते कानीकपाळी ओरडून सांगत होतं. मी मात्र वजन जुळतंय म्हणून सकाळकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि संध्याकाळ का हलकी, यात डोकं फोडत बसलो. तुम्हाला मदत हवी होती तेव्हा मी सोल पाठवत होतो. याचं मला फार वाईट वाटतंय, आणि तुम्ही दोघांनी मिळून मला बनवलंत म्हणून रागही तितकाच आलाय. प्रबंध मार्चमध्ये जाणार नाही, गाइडना तसं सांगून आलोय. यावर वाद नको. ऑपरेशन डॉक्टर म्हणतील तेव्हाच होईल.

आता आईसाठी. संध्याकाळच्या काढून टाकलेल्या नोंदी मी परत आणल्या. एकदा कुणाची पावलं ते कळलं आणि मग वाचायला बसलो. आई, तू उजव्या पायावर भार देत नाहीस. जिना उतरताना तर नाहीच. डिसेंबरात कमी होतं, आता वाढलंय. बूट सैल होते असं सांगू नकोस, सैल बूट दोन्ही पायांना सैल असतात. आपल्या घराचे तीन जिने तू असे रोज उतरलीस आणि चढलीस, माझ्यासाठी, आणि इतके दिवस मी तुझी पावलं चूक म्हणून पुसत होतो.

डॉक्टरांची गुरुवारची वेळ दोघांसाठी घेतलीय. मी बुधवारी येतो, नळाचं सामान घेऊन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

खटपट्या

ता. १० मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशनची तारीख ठरली. हे अजून तुझ्या मार्चसाठी चुकचुकताहेत, मी त्यांना गप्प बसवलंय.

उजवा गुडघा मला बरेच दिवस त्रास देतोय. ताई गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरते, धाकटी झाडाची साल भिंगातून बघते, तू बुटांत डोकं घालून बसतोस. आईला कसं आहे विचारावं, हे तिघांतल्या एकालाही सुचलं नाही. आणि मी आपणहून सांगायला गेले तर तिघंही म्हणाल, आता नको, काम आहे. म्हणून नाही बोलले. शेवटी चहाडी केली ती त्या मेल्या सोलांनी.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग रडू आलं. एवढे महिने माझ्या चालण्याकडे कुणीतरी रोज बघत होतं रे, चूक समजून का होईना.

गुरुवारी डॉक्टरकडे येते मी. तू बुधवारी येताना सोल आणायचे तर आण, पण बूट माझ्या मापाचे आण.

आई