चार पदरी टॉवेल

कोल्हार, ३ डिसेंबर १९४५
पंच्याला आज कायमची रजा. शाळेत आरोग्याचे धडे देणारा मी, पीटर मास्तर, आणि अंग पुसतो या जाळीने! फाडून बायकोला, हन्नाला, चुलीपुढची फडकी दिली. संकल्प : आदर्श टॉवेल स्वतः बनवणार.

५ डिसेंबर
रेशनचं कापड आणलं. तीन महिन्यांतून एकदाच मिळतं. हन्नाने लुगड्यासाठी पाठवलं होतं. नाताळात चर्चमध्ये बायका गाणार, त्यात ती सर्वांत पुढे उभी राहणार. आहे ते लुगडं पार विरलंय. लुगडं होतं दुकानात. पण शेजारीच टर्किश टॉवेलचा तागा! सगळा कोटा त्याचाच घेतला. लुगडं एकीच्या कामाचं, टॉवेल दोघांच्या. हन्नाला समजावलं. ती उठून भाकऱ्या थापायला लागली. पटलं असणार.

८ डिसेंबर
एक पदर जेवढं पाणी पितो त्याच्या चौपट चार पदर पिणार. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित, पण गिरणीवाल्यांना सुचलं नाही. मधोमध लाल दोऱ्याची रेघ : एक बाजू तोंडाला, एक पायांना. कोपऱ्यात टांगायला नाडी. हन्ना शिवायला तयार होईना, म्हणून मीच शिवला. बोटांची चाळण झाली. सोलापूरला एखाद्या गिरणीत नमुना पाठवावा म्हणतो.

११ डिसेंबर, सकाळी
उद्घाटन. पाणी सगळं प्याला! पूर्ण यश. टांगल्यावर नाडी तुटली. दुसरी लावली, तर खुंटीच भिंतीतून उपटून आली. भिंत कच्ची आहे.

१४ डिसेंबर
अजून ओलाच. ही थंडी, त्याला टॉवेल काय करणार? तो वाळेपर्यंत अंघोळ स्थगित. घरात उंदीर मेलाय असं हन्ना म्हणते. सगळे कोपरे पाहिले. सापडला नाही.

१७ डिसेंबर
वाळला, निदान वरून. अंघोळ केली. रेघ झकास दिसते. मात्र तोंडाची बाजू कोणती, हे लक्षात राहिलं नाही. अंदाजाने पुसलं. बाहेर कुंपणावर टाकला, तर शेजारची बिबीजान म्हणाली, गोधडी लई जाड झाली की मास्तर! अडाणी बाई. गिरणीला पत्र टाकायला हवं.

२० डिसेंबर
नाताळात मी काय नेसू, असं हन्नाने विचारलं. साधेपणा हाच खरा ख्रिस्ती अलंकार, असं उत्तर दिलं. तिला हसू आलं. बायकोची समजूत काढायलाही अक्कल लागते.

२५ डिसेंबर, सकाळी
अंघोळ करून आलो तर घरात धोतर नाही. दोनच होती माझी. नाताळासाठी धुते म्हणून हन्नाने काल दोन्ही नेली होती, मी रात्रभर टॉवेलवर; आता दोन्ही गायब. हाका मारल्या. बिबीजानने दाराआडून सांगितलं : हन्नाताई मघाशीच चर्चला गेली. काल माझ्याच घरी दोन धोतरं दांड घालून जोडली, रंगवली न् लुगडं केलंय तिनं. लई झ्याक दिसत हुती, वळखू बी येत न्हवतं. आन् मास्तर कुठं हायेत असं कुनी इचारलं, तर अंग पुसत्यात म्हनून सांगनार हाय.

कोट आहे. टोपी आहे. कमरेखाली टॉवेलशिवाय काही नाही.

गाणं इथवर ऐकू येतंय. हन्नाचा आवाज सगळ्यांच्या वर. टॉवेल गार पडत चाललाय, पण काढता येत नाही.