चाकावरच्या घराचे ब्रेक

३ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी आज गिऱ्हाइकाचा दात पाडला!

अमडापूरचे शेखरभाऊ. जीपच्या मागं जोडून ओढायचं चाकावरचं घर आहे त्यांचं — आत दोन पलंग, ओटा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. गुरुवारी आमच्या गॅरेजमध्ये सोडून गेले होते. "सोमवारी घरच्याईले घेऊन सातपुड्यात जायचं हाय. फक्त ग्रीस भरून ठेवा." आज न्यायला आले तर दोन्ही चाकं उघडलेली, ब्रेकचे ड्रम खाली काढून ठेवलेले.

चाकं मीच उघडली काल. जॅकवर घेऊन क्लीनर बाजूचं, म्हणजे डावीकडचं, चाक फिरवलं तर आतून खरखर. वर-खाली धरून हलवलं तर लटलट! ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. पावसाळाभर शेतात चिखलात उभं होतं म्हणे. बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं तर रोलर निळे — जळालेले. ब्रेकचे लायनर झिजून रिव्हेटापर्यंत गेलेले, अन् ब्रेकची वायर उंदरांनी खाल्लेली. म्हणजे घराला ब्रेकच नाहीत. थांबवायचं सगळं काम एकट्या जीपनं करायचं.

बाबा म्हणाले, "बेअरिंग नागपूरहून येईन. आठ दिवस लागतीन. तोवर हे हलत नाही इथून."

"काका, जुनंच लावून द्या ना. हळू चालवतो मी."

"घाटात हळू चालवशीन? मांगून हे घर ढकलन तुले!"

"तुमी ग्रीसवाले हाय, ग्रीस भरा. अक्कल नका शिकवू."

बस्स. जॅकची दांडी बाबांच्या हातातच होती. एकच फटका, तोंडावर. मी मध्ये शिरले तर बाबांचं कोपर माझ्या बरगडीत. शेखरभाऊ ड्रमवर वाकून रक्त थुंकत होते.

बाबांचं बरोबर होतं. तेच मला पचत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

पोलीस आले, शेखरभाऊंना घेऊन. जमादार म्हणाला, "माणिकराव, गाडी त्याची हाय. चाक लावून द्या, नाहीतर चला संग." बाबा स्टुलावर बसले, हाताची घडी. "मी नाही लावत. घेऊन जा मले."

आई दारात उभी. तिचं तोंड बघून मीच पाना उचलला.

धुतलेलं जुनं बेअरिंग, तळहातावर घासून घासून भरलेलं नवं ग्रीस, नवीन सील. ड्रम फिरवत फिरवत नट आवळला. बाबा तेवढंच बोलले — "पाव फेरा सैल कर. गरम होईन." केला. पिन टाकली, टोपी ठोकली. काम चांगलं झालं. बेअरिंगच मेलेलं, त्याला कोण काय करणार?

शेखरभाऊंना म्हटलं, "भाऊ, ब्रेक नाहीत याले. सरळ घरी न्या. चाळीसच्या वर नाही. घाट नाही. आत कोणाले बसवू नका." कागदावर लिहून त्यांची सही घेतली. ओठ सुजलेला त्यांचा. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

पोलीस गेल्यावर बाबा आईकडे वळले. "त्याईले चहा काऊन देला? माह्या घरात, मले न्याले आलेल्याईले चहा?" चुलीवरच्या पातेल्यात उरलेला कढत चहा तिच्या अंगावर. मग लाथा. मी ओढत होते तर मलाही एक.

बाबा बेअरिंग दोन बोटांत धरून फिरवतात अन् डोळे मिटून ऐकतात. एवढ्याशा खरखरीला थांबणारा माणूस. आई ओरडत होती तेव्हा नाही थांबला.

५ फेब्रुवारी, सोमवार

आईच्या दंडावर फोड आलेत. बाबांनी दोन ट्रॉल्यांचे ब्रेक केले.

७ फेब्रुवारी, बुधवार

अकराच्या सुमारास सहदेवचा फोन. जळगाव जामोदला क्रेन चालवतो तो. "मनाली, पडदेवालं पांढरं घर तुमच्याकडंच होतं ना?"

होतं.

गेलेच ते घाटात! उतारावर क्लीनर बाजूचं बेअरिंग जाम झालं अन् ड्रमसकट चाक निखळून दरीत गेलं. घर आडवं झालं, जीपला रेटत खडकावर घेऊन गेलं. शेखरभाऊंचे वडील, शेषराव, आत पलंगावर झोपले होते. त्यांना पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. तोवर जीव उरला नव्हता. स्नेहलतावहिनी, शेखरभाऊंची बायको, पुढं जीपमध्ये बसल्या होत्या — कंबर मोडली. शेखरभाऊंच्या डोक्याला टाके.

मला वाटलं बाबा म्हणतील, मी सांगत होतो. ते उठले अन् सरळ माझ्या थोबाडीत. "तू लावलं ते चाक! तू!" माझं डोकं टेबलावरच्या लोखंडी व्हाइसवर आपटलं. परत मारलं. "मी नव्हतो लावत! पोलिसाले भेली तू!"

मग जमिनीवर बसले अन् रडायला लागले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईही दारातून बघत राहिली. जवळ नाही आली.

सहीचा कागद आहे माझ्याकडं. पण नट माझ्या हातचा होता. शेषराव दिसायचे कसे, मला माहीतही नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कान वाजतो एकसारखा. कामाला हात लावला नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दोन जीपा आल्या. आठ जण. शेखरभाऊ डोक्याला पट्टी बांधून मागं उभे.

मी कागद घेऊन पुढं गेले. "सही हाय भाऊची, वाचा तरी!" एकानं ओढला, फाडला, माझा मोबाईल भिंतीवर फेकला. पुढचा ओरडला, "चाक कोणं लावलं बे?"

मी तोंड उघडलं.

"म्या लावलं," बाबा म्हणाले.

शेखरभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यासमोरच तर लावलं होतं मी! त्यांनी मान खाली घातली.

मग बाबांना त्यांच्याच सामानानं मारलं. पान्यानं, ट्रॉलीच्या साखळीनं. बाबा आधी शिव्या देत होते, मग नुसतं हं, हं. दोघांनी मला शटरला दाबून धरलं होतं. एकाला चावले, त्यानं केस धरून डोकं आपटलं. आवाज आठवतो — ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

पाच मिनिटं असतील. जीपा गेल्या. बाबा कुशीवर पडलेले, डोळे मिटलेले, श्वास चालू. आई म्हणाली, "तू जा, रिक्षा पाय. मी हाय इथं." मी अनवाणी हायवेवर पळाले. थांबेना कोणी. रिक्षा घेऊन आले तेव्हा बाबांचं डोकं आईच्या मांडीवर, ती पदरानं रक्त पुसत होती.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दवाखाना. तीन फासळ्या, जबडा, दोन्ही हात मोडलेत. डावा जुळेल. उजव्या मनगटाचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणाले, "या हातात आता पाना धरता येणार नाही."

बाबा छताकडं बघतात. जबडा बांधलाय, बोलता येत नाही. नळीनं वरण पाजते. गिळताना डोळ्यांतून पाणी येतं.

माझ्यासाठी खाल्ला मार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की हे माझे बाप आहेत. आईला तसं म्हटलंही. ती "हाव" म्हणाली अन् चादर नीट करत राहिली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पोलिसांना खरं ते सांगितलं. चाक मी लावलं, तुमच्या जमादारासमोर. तोच जमादार लिहिता लिहिता थांबला. आठही जणांची वर्णनं दिली. उद्या बाबांचा जबाब, मान हलवून.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आई भाकर थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुह्या बाबाचा डावा हात त्या जीपवाल्याईनं मोडला."

"अन् उजवा?"

"उजवा म्या. तू रिक्षा पायाले गेली होती. तवा डोळे उघडले होते तुह्या बाबानं." भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "डबा भरला हाय. थंड व्हायच्या आधी नेऊन दे."